‘डाउन’ म्हणायचं कुणी?

"मशीनच्या हिशेबाने तुम्ही एकशे साठ किलो उचलू शकत नाही," डॉक्टर म्हणाला.

"मागच्याच महिन्यात उचललेत. इथेच, ह्याच मॅटवर," क्रेन म्हणाली.

"ते मशीनला माहीत नाही."

"मग सांगा तिला."

डॉक्टर समजूतदारपणे हसला. हा औषधं देणारा डॉक्टर नव्हता. जमिनीवरची दांडी मांडीपर्यंत किती वेगाने जाते, ह्या विषयावर त्याने पाच वर्षं घालवली होती आणि त्याबद्दल एका विद्यापीठाने त्याला डॉक्टर म्हणायचं कबूल केलं होतं. संघटनेने त्याला आणि त्याच्या मशीनला एकाच दिवशी, एकच फीत कापून हॉलमध्ये आणलं होतं. मशीन म्हणजे तळहाताएवढी काळी डबी. तिच्यातून एक बारीक दोरी निघायची, ती दांडीला अडकवायची. दांडी वर गेली की दोरी ओढली जायची, आणि डबी बोलायची. आवाज बाईचा घातला होता. "वेग कमी," असं ती म्हणायची, आणि जरा थांबून, "वजन कमी करा."

ज्या स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता, ती फक्त डेडलिफ्टची होती. ह्या प्रकारात काय करायचं असतं ते कुणालाही समजेल. दांडी जमिनीवरून उचलायची, सरळ उभं राहायचं, आणि मुख्य पंच ‘डाउन’ म्हणेपर्यंत ती हातात धरून ठेवायची. मध्येच दांडी खाली आली तर उचल बाद. पंचाच्या आधी ठेवली तर बाद. वेगाबद्दल नियमपुस्तकात अक्षर नाही. उचलता उचलता तुम्ही सात पिढ्यांची आठवण काढलीत तरी पंचाची हरकत नसते.

पण ह्या वर्षी संघटना आधुनिक झाली होती. जड वजन उचलल्याने खेळाडू दमतात असा शोध लागला होता. तेव्हा वजन उचलण्याच्या स्पर्धेसाठीची निवड वजन न उचलता करायची, असं ठरलं. हलक्या वजनाच्या तीन उचला, जमेल तितक्या वेगाने. त्यावरून तुम्ही जास्तीत जास्त किती उचलाल ते डबी सांगणार. डबीने क्रेनला एकशे एकेचाळीस सांगितले. ठिणगीला एकशे अठ्ठावन्न.

क्रेन हे नाव तिला हॉलने टोमणा म्हणून दिलं होतं आणि तिने ते बढती मिळाल्यासारखं घेतलं होतं. दवाखान्याच्या धुलाईघरात ती कामाला होती. मोठ्या मशीनच्या पोटातून ओल्या चादरींचा गुंता बाहेर ओढायचा, गाड्यावर टाकायचा, पुन्हा ओढायचा. तिथे झटका मारला की कंबर जाते, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यामुळे ती दांडीही तशीच उचलायची. सावकाश, न थांबता, चेहऱ्यावर भाव न आणता. क्रेनला घाई नसते. आणि तिने अर्ध्यात सोडलं तर खालच्यांचं काय होईल हे माहीत असल्याने कुणी तिला घाई करतही नाही.

ठिणगी तिची नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण, शाळेपासून धावण्यात पहिली, हातात हलकी दांडी दिली की छताला लागेल अशी भीती वाटायची. दोघी एकाच वजनगटात, एकाच घरात, आणि संघात त्या गटाला जागा एक.

"ठिणगी आजवर दीडशेच्या वर गेलेली नाही," क्रेन म्हणाली. "ही डबी तिला आठ किलो कुठून देते आणि माझे एकोणीस कुठे ठेवते?"

"मशीनमधला तक्ता शास्त्रीय आहे. चाळीस निरोगी, प्रशिक्षित खेळाडूंवरून काढलाय."

"त्यात बायका किती?"

डॉक्टरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "महिलांचा डेटा जरा गुंतागुंतीचा असतो."

"किती?"

"घेतलेला नाही."

खरं म्हणजे ह्यात गूढ काही नव्हतं. हलकं वजन पुरुष झटक्यात वर नेतो, बाई तेच जरा सावकाश नेते. वजन वाढत गेलं की पुरुषाचा वेग धाडकन उतरतो, बाईचा हळूहळू उतरतो, आणि अगदी शेवटच्या, जीव काढणाऱ्या वजनाशी दोघंही जवळजवळ सारखीच रांगत असतात. डॉक्टरच्या स्वतःच्या प्रबंधात ह्या अर्थाची एक तळटीप होती. पण तळटिपा लिहिण्यासाठी असतात. डबीला पुरुषांचा तक्ता पाठ होता. कुणा बाईने हलकं वजन निवांत उचललं की डबी समजायची, संपली ही. ठिणगीसारखी एखादी भसकन उचलायची, की डबी समजायची, हिच्यात अजून बरंच शिल्लक आहे.

क्रेन सरांकडे वळली. सरांनी तिला दांडी धरायला शिकवलं होतं. ते ग्रेडेड, म्हणजे परीक्षा देऊन झालेले, पंचही होते. पंचाचा कोट ते घरी कपाटात वेगळा टांगत. "सर, मागच्या महिन्यात तुम्हीच समोर होतात ना? तुम्हीच ‘डाउन’ म्हणालात."

सरांनी गळ्यातली शिट्टी हातात घेतली, जणू तिच्यात काही लिहिलेलं आहे. "म्हणालो असेन."

"असेन?"

"आता साहेबांनी पद्धत ठरवलीय, तर…"

साहेब म्हणजे संघटनेचे सेक्रेटरी. सरांची नेमणूक दरवर्षी त्यांच्या सहीने एक वर्ष पुढे सरकायची. साहेब खुर्चीत मागे रेलले होते. "हे बघा ताई," ते म्हणाले, "आकड्यांशी भांडून उपयोग नाही. आकड्यांना भावना नसतात."

"मला आहेत," क्रेन म्हणाली. "सध्या एकच आहे."

तिने पट्टा पिशवीत कोंबला आणि ती निघाली. दार आपटायचं तिच्या मनात होतं, पण हॉलचं दार सरकतं होतं. ते तिला नीट लावावं लागलं. त्याचाही राग आला.

घरी सासूबाई दारातच, निकालाची वाट बघत. "कोण?"

"तुमची लेक."

"बरं झालं," त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग सुनेचा चेहरा बघून, "वाईट झालं," असंही निघालं. दोन्ही अगदी मनापासून होतं.

नवरा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्यांना बाहेरून धीर देणं हे त्याचं रोजचं काम होतं. तोच आवाज त्याने घरात लावला. "हे बघ, घाबरायचं नाही, शांत राहायचं…"

"जेव."

तो जेवला.

जेवणं झाल्यावर ठिणगी स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. क्रेन पातेलं घासत होती. ते पातेलं केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"वहिनी, पहिलीच उचल एकशे पंचावन्नची लावणार म्हणतात."

"लावू देत."

"अगं, दीडशेलाच माझ्या डोळ्यापुढे काजवे चमकले होते."

"डबी म्हणते ना उचलशील? मग उचल. नाहीतर पड तिथे तोंडावर. तिन्ही उचला बाद करून घे आणि ये घरी."

ठिणगी ताडकन सरळ झाली. "मी चोरली का तुझी जागा?"

"चोरली नाहीस. तुला आणून दिली. तू ठेवून घेतलीस."

"तू नसती घेतली?"

घेतली असती. हे क्रेनला त्याच क्षणी कळलं, आणि राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. आता तो स्वतःवरही होता. तिने पातेलं पालथं घातलं. "झोप जा. तुला वेग सांभाळायचाय."

बाहेरून सासूबाई ओरडल्या, "भांडा, पण दिवा बंद करून भांडा गं, बिल येतं."

पुढचे दिवस हॉलमध्ये सराव डबीच्या तालावर चालला. कुणी किती वजनाने, किती वेळा सराव करायचा हे डबीने सांगितलेल्या आकड्यांवरून ठरायचं. क्रेन राखीव खेळाडू म्हणून यायची. तिच्या वाट्याला एकशे दहा किलो आले, पाच वेळा. डॉक्टर समोर उभा राहून मोजत होता. पाच झाले.

"बस," तो म्हणाला.

क्रेनने सहावी घेतली. "वेग कमी," डबी म्हणाली. सातवी. "वजन कमी करा." आठवी, नववी. हॉलमधले पुरुष आपापली वजनं खाली ठेवून बघायला लागले. ती एकाच लयीत वाकत होती, उठत होती, जशी एखादी बाई पाण्याचा हापसा मारते.

"हे बरोबर नाही," डॉक्टर म्हणाला. "पाचव्यानंतर थकवा यायला हवा."

"आलाय की. तुम्हाला."

पुरुषांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. क्रेन हसली नाही. ती पुढे करत राहिली, डॉक्टर मोजायचा थांबेपर्यंत.

तिकडे ठिणगीला डबीने जे दिलं होतं ते तिच्या खऱ्या ताकदीच्या मानाने फार होतं. पहिल्या दोन उचला तीरासारख्या जायच्या. मग तिसरीला गुडघे कापायचे, चौथीला पाठ गोल व्हायची. ती घरी येऊन पोटावर झोपायची. सासूबाई तिच्या कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावायच्या आणि सुनेकडे अशा बघायच्या, जणू हे सगळं तिच्याच एकशे साठमुळे झालंय. क्रेन ते बघायची. मनातल्या मनात ती अजूनही ‘पड तोंडावर’ म्हणत होती. फक्त आता ते म्हणायला रोज थोडा जास्त जोर लावावा लागत होता.

संघ निघायच्या आधी सेक्रेटरींना पहिली उचल डोळ्यांनी बघायची लहर आली. आकड्यांवर विश्वास असला तरी फोटो लागतोच. दांडीवर एकशे पंचावन्न चढवले गेले. दोरी अडकवली गेली. सर मुख्य पंचाच्या जागी, दांडीच्या बरोबर समोर उभे राहिले. त्यांच्या उजव्या हाताला सेक्रेटरींची खुर्ची.

ठिणगीने हात खडूने पांढरे केले, वाकली, ओढलं. दांडी हलली नाही.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाला.

तिने ओढलं. प्लेट्सच्या खाली एखादा कागद सरकवता आला असता, इतपत दांडी उठली आणि बसली. ठिणगीने डावा हात मागे नेऊन कंबर दाबली.

"ताकद आहे," डॉक्टर सेक्रेटरींना समजावून सांगत होता, "मशीन तसं स्पष्ट दाखवतंय. मन कमी पडतंय. मुलींच्या बाबतीत हे दिसतं. पुन्हा घ्या."

"डॉक्टर, कंबरेत…"

"मन. मन लावा. पुन्हा."

ठिणगी वाकली. तिची पाठ ओढण्याआधीच गोल झाली होती. सरांना ते दिसलं, कारण सरांना अशी पाठ मैलावरून दिसायची. त्यांचा हात शिट्टीकडे गेला आणि तिथेच राहिला.

क्रेनने येऊन दांडीवर पाय ठेवला.

"ऊठ," ती म्हणाली.

"वहिनी, तू मध्ये पडू नकोस."

"ऊठ म्हणते ना. तुला पाडायचा हक्क माझा आहे, ह्यांचा नाही."

ठिणगी उठली. क्रेनने पट्टा आवळला. "सर, निवडीपासून संघ निघेपर्यंत ग्रेडेड पंचासमोर केलेली उचल कुणालाही पुढे ठेवता येते. नियम अजून आहे ना?"

नियम होता. नवी पद्धत आणण्याच्या गडबडीत तो काढायचा राहून गेला होता. सरांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरने डबीकडे पाहिलं.

"आहे," सर म्हणाले. फार हळू म्हणाले.

"मग बघा."

तिने खाली वाकून दांडी धरली आणि उचलायला सुरुवात केली. सुरुवात केली असंच म्हणायला हवं, कारण तो प्रकार बराच वेळ चालला. दांडी नडगीवरून सरकत गुडघ्याशी आली. "वेग कमी," डबी म्हणाली. दांडी गुडघ्यापाशी विचारात पडल्यासारखी रेंगाळली, पण खाली आली नाही. "वजन कमी करा." मांडी. कंबर. खांदे मागे. क्रेन सरळ उभी राहिली, हातात एकशे पंचावन्न किलो, आणि तिने सरांकडे पाहिलं.

आता सरांनी हात खाली करून एक शब्द म्हणायचा होता. तो शब्द त्यांनी आयुष्यात हजारो वेळा म्हटला असेल. सरांनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर उजवीकडे गेली. सेक्रेटरी त्यांच्याकडे बघत होते, अगदी शांतपणे, सही करायच्या आधी माणूस कागदाकडे बघतो तसे.

सरांनी तोंड मिटलं.

क्रेन उभी होती. हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता. तिच्या दंडाच्या शिरा वर आल्या, मग मान लाल झाली. बोटं एकेक करून निसटायला लागली.

"सर, बोला ना!" ठिणगी ओरडली.

सर बोलले नाहीत. शेवटी क्रेनने दांडी खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली.

आणि मग सर बोलले. तीस वर्षांची सवय होती, त्याला ते तरी काय करणार. "नो लिफ्ट," ते म्हणाले. "कमांडच्या आधी खाली ठेवली."

क्षणभर क्रेनला ऐकू आलं ते खरं वाटेना. मग ती सरांच्या इतकी जवळ गेली की सरांना मागे सरकावं लागलं.

"कमांड द्यायला तोंड नव्हतं. बाद करायला बरं उघडलं!"

"नियम आहे गं…"

"नियम मला सांगू नका, सर. तुम्हीच शिकवलेत. ‘डाउन म्हटल्याशिवाय सोडायची नाही, घर पेटलं तरी.’ कोण म्हणायचं हे? घर पेटलंय, सर. मी धरून उभी होते. तुम्ही कुठे होतात?"

सर तिच्या बुटांकडे बघत होते.

"तीन उचला मिळतात," क्रेन म्हणाली. "ही एक गेली."

दुसरी तिने तिथल्या तिथे घेतली. दम खायलाही थांबली नाही; राग निवेल अशी तिला भीती होती. दांडी पुन्हा तशीच वर गेली, डबी पुन्हा तेच बोलली, क्रेन पुन्हा सरळ उभी राहिली. सरांची नजर पुन्हा उजवीकडे गेली आणि तिथे अडकली. ह्या वेळी ती जास्त वेळ उभी राहिली. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकला. कुणीतरी पुरुष म्हणाला, "अरे, म्हणा की राव." सर म्हणाले नाहीत. तिने दांडी ठेवली. ह्या वेळी ‘नो लिफ्ट’ म्हणायचीही सरांची छाती झाली नाही.

"झालं समाधान?" सेक्रेटरी म्हणाले. "निघू या का आपण?"

"पाच चढव," क्रेन ठिणगीला म्हणाली.

"वहिनी, दोनदा झालंय. हात बघ तुझे."

"तुला चढवायचे नसतील तर मी चढवते. पण चढणार."

ठिणगीने दोन्ही बाजूंना अडीच-अडीच किलोच्या प्लेट्स लावल्या आणि त्या निसटू नयेत म्हणून कॉलर आवळले. एकशे साठ. ही उचल ग्राह्य धरली गेली तर संघातली जागा जाणार होती ती तिचीच, आणि हे हॉलमधल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं तिने वाचलं. डॉक्टर पुटपुटत होता की शारीरिकदृष्ट्या ह्या टप्प्यावर हे शक्य नाही. त्याने ते डबीला उद्देशून म्हटल्यासारखं वाटलं.

क्रेन वाकली. दांडी जमिनीवरून सुटायलाच इतका वेळ लागला की दोघातिघांना वाटलं, सुटलीच नाही. मग ती सुटली. ती इतकी हळू वर येत होती की डबी एकदा "वेग कमी" म्हणाली, पुन्हा म्हणाली, आणि मग गप्प झाली. गुडघा. क्रेनचा जबडा थरथरत होता. दांडी थांबली. खाली आली नाही. हलली. मांडी.

ती सरळ उभी राहिली.

सरांची नजर सवयीने उजवीकडे वळली. पण उजवीकडे सेक्रेटरी दिसेनात. सर आणि ती खुर्ची ह्यांच्या बरोबर मध्ये ठिणगी येऊन उभी राहिली होती, हात कमरेवर, सेक्रेटरींकडे पाठ करून.

"ए, बाजूला हो," मागून सेक्रेटरी म्हणाले.

ती हलली नाही. ती सरांकडे बघत होती. सरांना आता बघायला दोनच गोष्टी उरल्या होत्या: एक ही पोरगी, आणि एक ती दांडी.

"डाउन," सर म्हणाले. हातही खाली आला.

मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. क्रेनने दांडी ठेवली. सर शेजारच्या बाकावर बसले आणि बराच वेळ धापा टाकत राहिले.

सेक्रेटरींनी हॉलभर नजर फिरवली. अर्ध्याअधिक हातांत फोन होते आणि सगळ्यांवर चित्रीकरण चालू होतं. ते उठले आणि त्यांनी जाहीर केलं की विशेष बाब म्हणून निवडीत बदल करण्यात येत आहे. संघटना नेहमीच खेळाडूंच्या पाठीशी उभी राहिलेली आहे. आणि डॉक्टरांनी ह्या उचलीचा डेटा वापरून मशीन अधिक अचूक करावं. टाळ्या वाजल्या. डॉक्टरने दोरी सोडवून डबीत गुंडाळली. त्याने क्रेनचं अभिनंदनही केलं. "तुम्ही एक फार महत्त्वाचा अपवाद आहात," तो म्हणाला. तिच्या हातात तेव्हा पाण्याची बाटली होती. ती फेकून मारावी की प्यावी, ह्याचा तिने विचार केला आणि तहान लागलेली असल्याने ती प्यायली.

घरी जाताना दोघी रस्त्याच्या दोन कडांनी चालत होत्या.

"मी तुझ्यासाठी नाही उभी राहिले," ठिणगी म्हणाली.

"मी कुठे म्हटलं?"

"मला सरांचा राग आला होता. आणि त्या माणसाचा. आणि तुझाही आहे, अजून."

"असू दे."

"माझी जागा होती ती. खोटी का असेना, होती. आईने शेजारी सांगून टाकलंय."

क्रेनला काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं. पण तिच्याकडे त्या दिवसापुरतं सगळं संपलं होतं, आणि जे बोलायचं ते नणंदेला नको होतं. "कंबर दुखतेय का?" तिने विचारलं.

"दुखतेय."

"उद्या दांडीला हात लावायचा नाही."

"पुढच्या वर्षी तुला पाडणार आहे मी."

"पाड."

सासूबाई दारातच होत्या. दोघींची तोंडं बघून त्यांनी ह्या वेळी ‘कोण?’ असं विचारलंच नाही. त्यांनी पानं वाढली. नवऱ्याने धीर द्यायला तोंड उघडलं, आईने डोळे वटारले, त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला.

जेवण निम्म्यात असताना फोन वाजला. सर होते. क्रेनने नाव पाहिलं आणि घास मोडला. फोन वाजत राहिला. शेवटी ठिणगीने उचलला.

"वहिनी आहे का गं?" पलीकडून आवाज आला. तो बारीक होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. "मला जरा… तिच्याशी बोलायचं होतं."

"जेवतेय."

"मग नंतर करू का?"

ठिणगीने वहिनीकडे पाहिलं. क्रेनने मान वर केली नाही.

"नको," ठिणगी म्हणाली. "तसेच थांबा."

तिने फोन ताटांच्या मधोमध ठेवला, चालू. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. क्रेनने आणखी वाढून घेतलं आणि ती तिच्या पद्धतीने, सावकाश, जेवत राहिली.